सहा महिन्यांच्या बाळाची आकडी: डॉक्टर 'सौम्य' म्हणतात म्हणजे काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. बाळ साडेसहा महिन्यांचं, मुलगा. उष्टावण होऊन चार दिवस झाले आणि अंगात ताप नसताना दोन दिवसांत सात झटके आले. प्रत्येक झटका एक-दीड मिनिटाचा. मधल्या वेळात बाळ हसतं, खेळतं, दूध पितं. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केलं. रक्तातली साखर, कॅल्शियम, सोडियम ठीक, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. डॉक्टरांनी 'लहान बाळांची सौम्य मिरगी' असं सांगून कार्बामाझेपिनचं सिरप सुरू केलं आणि दुसऱ्या दिवसापासून झटके थांबले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "याच्या बापालेही असंच झालं होतं, झाडपाल्यानं बरं झालं. हे औषध बंद कर." ताईंना तीन गोष्टी कळत नाहीत. सगळे रिपोर्ट नॉर्मल, तर मिरगी कशी? सौम्य आहे, तर रोज औषध कशाला? आणि बाळाच्या मेंदूला काही झालं तर नाही ना?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण रात्री झोप उडवणारा तोच आहे. तुम्ही लिहिलंय तसंच चित्र असेल, म्हणजे बाळाची वाढ आधीपासून वयाप्रमाणे होती, झटके छोटे होते, प्रत्येक झटक्यानंतर बाळ पुन्हा आधीसारखं झालं आणि औषधाने ते लगेच थांबले, तर मेंदूला इजा झाल्याचं यात काही दिसत नाही. या प्रकारातली बाळं पुढे इतर मुलांसारखीच चालतात, बोलतात, शाळेत जातात.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येतो. तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तेच वाक्य. वर्धा आणि यवतमाळ भागात मी पंचवीसहून जास्त वर्षं लहान मुलांना तपासतो आहे. कित्येकदा एमआरआयच्या फिल्ममधून जे हाती लागत नाही ते दाराशी बसलेल्या आजीच्या तोंडून निघतं. 'याच्या बापालेही असंच झालं होतं' या पाच शब्दांनी तुमच्या बाळाचं निदान कितीतरी पक्कं होतं. सासूबाईंनी पाहिलं ते खरंच आहे. त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ मात्र चुकतो, आणि तो का चुकतो हे समजून घेतलं की तुमचे बाकीचे प्रश्नही सुटतील.

हा आजार साधारण तीन ते वीस महिन्यांच्या दरम्यान सुरू होतो, बहुतेक बाळांमध्ये सहाव्या महिन्याच्या आसपास. आपल्याकडे नेमकं याच वेळी उष्टावण होतं, पहिला दात डोकावतो, बाळाला पहिल्यांदा नातेवाइकांकडे नेलं जातं. मग दोष खिरीला, दाताला किंवा लग्नात कुणी बाळाकडे टक लावून पाहिलं त्याला. ताई, तुमच्या हातच्या खिरीने काही झालेलं नाही. वरचं अन्न बंद करू नका. झटक्याच्या भीतीने आठव्या महिन्यापर्यंत नुसत्या दुधावर ठेवलेली बाळं मी पाहिली आहेत, ती मग रक्त कमी झालं म्हणून दाखल करावी लागतात.

झटके एकेकटे न येता झुंडीने येतात. एका दिवसात पाच, कधी दहा, असे एक ते तीन दिवस. मग सगळं शांत. औषध नसेल तर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा एखादी झुंड येऊ शकते. एका कापूसवेचणीच्या हंगामात एका मामाने मला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. सपरीत गोधडीवर बाळ, बाजूला वेचलेल्या कापसाचा ढीग, आई पाजत बसलेली. बाळ चोखता चोखता थांबतं. तोंडातून दूध ओघळतं, डोळे उघडे पण कुठेच न पाहणारे. सात-आठ सेकंदांनी डोळे आणि मान हळूहळू उजवीकडे वळतात, हात ताठ होतो, ओठांभोवती निळसर रंग येतो, मग दोन्ही हातांना बारीक ठेका धरल्यासारखे झटके. मागून आजीचा आवाज, "लेकरू गेलं जी, लेकरू गेलं." एक मिनिट दहा सेकंदांवर बाळ मोठा श्वास घेतं, रडतं आणि आईच्या कुशीत झोपतं. त्या मामाने हात थरथरत असतानाही कॅमेरा बाळावर धरून ठेवला म्हणून मला अर्ध्या तासाचं काम दोन मिनिटांत करता आलं. पुन्हा झटका आला तर एकाने बाळाला सांभाळावं आणि दुसऱ्याने चेहरा व हातपाय दिसतील असा व्हिडिओ घ्यावा, घड्याळासकट.

'सौम्य' हा शब्द या दृश्याला लावलेला नाही. ते दृश्य कुठल्याही आईचं काळीज फाडणारंच असतं. शब्द लावलाय तो पुढच्या वाटचालीला. म्हणूनच मिरगीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली आजारांची नावं नव्याने मांडली तेव्हा 'सौम्य' काढून 'आपोआप थांबणारी' असा शब्द ठेवला. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. जपानमध्ये वातानाबे यांनी १९८० च्या दशकात आणि इटलीत विजेव्हानो यांनी १९९२ साली अशा बाळांचं नीट वर्णन केलं. विजेव्हानोंनी पाहिलेल्या कुटुंबांमध्ये हे झटके पिढ्यान्‌पिढ्या येत होते, तुमच्या घरी आलेत तसेच. २०११-१२ मध्ये त्यामागचं मुख्य जनुक सापडलं, पीआरआरटी-२. सोळाव्या गुणसूत्रावर असतं. त्यापासून बनणारं प्रथिन मेंदूतल्या पेशींच्या आपसातल्या निरोपांना आणि पेशींमध्ये सोडियम जिथून आत शिरतं त्या दारांना आवर घालतं. हा आवर कमी पडला की वाढत्या मेंदूत मधूनच विजेची लाट उसळते. मेंदू पक्व होत जातो तसतसा तो स्वतःच सावरतो, आणि झटके बहुधा सुरू झाल्यापासून वर्षभरात कायमचे थांबतात. आई किंवा वडिलांमध्ये हा बदल असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. ज्यांच्यात उतरतो त्या सगळ्यांना झटके येतातच असंही नाही, त्यामुळे कधीकधी आजोबांना होते, वडिलांना नाही, नातवाला आहेत, असं दिसतं.

मग झाडपाल्याचं काय झालं? तुमच्या नवऱ्याला तान्हेपणी झटके आले, कुणीतरी मुळी उगाळून दिली, काही महिन्यांत झटके गेले. ते जाणारच होते. आपोआप थांबणाऱ्या आजाराचं श्रेय शेवटी ज्याचा हात लागला त्याला मिळतं, मुळी देणाऱ्याला, अंगारा लावणाऱ्याला आणि अनेकदा आम्हा डॉक्टरांनाही. सासूबाईंवर रागावू नका. तीस वर्षांपूर्वी गावापासून दवाखाना किती लांब होता, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासमोर जे लेकरू वाचलं त्याचीच आठवण त्यांनी धरून ठेवली आहे.

मला भीती वाटते ती शेजारच्या घराची. एकदा सात महिन्यांच्या मुलीला आमच्याकडे आणलं, तेव्हा त्रास सुरू होऊन अडीच महिने झाले होते. सकाळी झोपेतून उठली की ती एकदम पुढे दुमडायची, मान खाली, दोन्ही हात वर झेपावल्यासारखे, क्षणभरात सैल. पुन्हा दुमडायची. असं ओळीने वीस-तीस वेळा, मधे रडणं. घरच्यांना वाटलं पोटात कळ येते. पोटावर डागलेलंही होतं, बेंबीच्या दोन्ही बाजूंना चार-चार वण, अजून ओले. आधी हसायची ती मुलगी आता आईकडे पाहतही नव्हती. शेजारच्या पोराला अशाच मुळीने गुण आला होता, म्हणून हे लोक थांबले होते. पण शेजारच्या पोराचा आजार होता तुमच्या बाळासारखा आणि या मुलीचा होता वेस्ट सिंड्रोम. १८४१ साली वेस्ट नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी स्वतःच्या मुलाचे असे झटके लिहून 'लॅन्सेट'कडे पत्र पाठवलं होतं, कारण त्यांनाच उपाय सापडत नव्हता. आज उपाय आहेत, एसीटीएचची इंजेक्शनं, प्रेडनिसोलोन, व्हिगाबॅट्रिन. ते जितके लवकर मिळतील तितकी मुलाची बुद्धी वाचण्याची आशा जास्त. ती मुलगी आता आठ वर्षांची आहे. झटके थांबले, पण ती बोलत नाही. अडीच महिने आधी आली असती तर, हा विचार मला तिची आई दिसली की दर वेळी येतो.

म्हणून 'सौम्य' हे निदान पहिल्या दिवशी शंभर टक्के पक्कं नसतं. ते पुढच्या महिन्यांत बाळ स्वतः पक्कं करत जातं. तुमच्या बाबतीत आजवरच्या सगळ्या खुणा चांगल्या आहेत, पण नजर ठेवायची. बाळ हसणं, नजर देणं, पालथं पडणं विसरायला लागलं, झोपेतून उठताना वर सांगितल्यासारखं ओळीने दुमडू लागलं, किंवा औषध नीट चालू असूनही झटके येत राहिले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणखी एक खूण आपल्याकडे हमखास नजरेतून सुटते. बाळाला मालिश करून कढत पाण्याने न्हाऊ घालतात. न्हाऊ घालताना किंवा थोड्याशा तापात झटका येत असेल, तो लांबत असेल, एकदा उजव्या अंगाला आणि पुढच्या वेळी डाव्या अंगाला येत असेल, तर तो ड्राव्हे सिंड्रोम, म्हणजे मिरगीचाच एक अवघड प्रकार, असू शकतो. त्यात कार्बामाझेपिनने झटके वाढतात. वेस्टच्या झटक्यांनाही ते कधीकधी भडकवतं. तेव्हा 'आमच्या बाळाला या औषधाने गुण आला' म्हणून तुमची बाटली दुसऱ्या कुणाच्या बाळाला देऊ नका. एवढं मात्र माझ्यासाठी नक्की करा.

बाळाला सकाळच्या उन्हात उघडं करून एकदा अंगही नीट पाहा. पानाच्या आकाराचे पांढरट डाग दिसले तर डॉक्टरांना दाखवा. ती वेगळ्या आजाराची खूण असू शकते.

रिपोर्ट नॉर्मल आणि तरी मिरगी, हे कोडं तसं सोपं आहे. विहिरीवरची मोटर रात्री झटके खाते, सकाळी मिस्त्री येतो तेव्हा सुरळीत चालते. म्हणून रात्री ती बिघडलीच नव्हती असं आपण म्हणत नाही. एमआरआय मेंदूची घडण दाखवतो, त्यातला प्रवाह दाखवत नाही. ईईजी प्रवाह दाखवतो, पण ज्या अर्ध्या-पाऊण तासात काढला तेवढाच. या आजारात दोन झटक्यांच्या मधला ईईजी कोरा असणं हीच निदानाची एक बाजू आहे. तो फार बिघडलेला आला असता तर मी काळजीत पडलो असतो.

रक्ताच्या तपासण्या तुमच्या डॉक्टरांनी आधी केल्या हे उत्तम झालं. आपल्या भागात या वयात ताप नसताना झटके आले की साखर आणि कॅल्शियम पाहिल्याशिवाय मिरगी म्हणूच नये. आईच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी, बाळाला ऊन नाही, औषधी थेंब नाहीत, मग कॅल्शियम उतरतं आणि बाळ ताठ होतं. त्यावर मिरगीचं औषध चालत नाही, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वच द्यावं लागतं. माळकरी घरातली, दूधही फारसं न मिळणारी आई असेल आणि नुसत्या अंगावरच्या दुधावर वाढलेलं बाळ फिकट, सुस्त, केस विरळ, बोटांच्या पेरांवर काळसर आणि थरथरणारं असेल, तर बी-१२ तपासायचं. हगवणीच्या साथीत ताप नसताना दोन-तीन झटके येतात ते निराळे, त्यांना बहुतेकदा रोजचं औषध लागत नाही. जनुकाच्या चाचणीसाठी मात्र घाई करून पैसे घालू नका. चित्र इतकं नेमकं असेल तर तिच्यामुळे आजचे उपचार बदलणार नाहीत.

आपोआप थांबणार असेल तर औषध कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे. काही बाळांना एकच छोटी झुंड येते तेव्हा तज्ज्ञ कधीकधी औषधाशिवाय नुसती नजर ठेवतात. पण तुमच्या बाळाला दोन दिवसांत सात आले. पुढची झुंड कधी येईल सांगता येत नाही. दूध पिताना झटका आला तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तुमच्या गावाहून तालुक्याला पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. कार्बामाझेपिन त्या सोडियमच्या दारांवरच काम करतं, म्हणून या आजारात कमी मात्रेतही चटकन लागू पडतं. ते आयुष्यभर घ्यायचं नसतं. झटक्यांशिवाय साधारण वर्ष गेलं की दीड-दोन वर्षांच्या वयाच्या सुमाराला आम्ही ते हळूहळू कमी करून बंद करतो. मनाने एका दिवसात तोडायचं नाही.

या सिरपबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. औषध बाटलीत खाली बसतं. न हलवता दिलं तर पहिले पंधरा दिवस बाळाला पातळ पाणी जातं आणि शेवटच्या आठवड्यात घट्ट गाळ, म्हणजे आधी झटके आणि नंतर गुंगी. दर वेळी बाटली चांगली हलवा, मग बुडबुडे बसू द्या आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. घरातल्या चमच्यांवर भरवसा ठेवू नका, ते सगळे सारखे नसतात. बाटली चुलीजवळ किंवा पत्र्याखालच्या फळीवर नको, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. सिरप मिळालं नाही आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती माठाजवळ ठेवू नका, ओल लागली की या गोळीचा गुण कमी होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ आलं, त्यासोबत ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी दाखवा. खोकल्यासाठी गावात कुणाकडे गेलात तर ही बाटली सोबत न्या. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारख्या औषधांनी कार्बामाझेपिन रक्तात वाढतं आणि बाळ गुंगीत जातं, उलट्या करतं. लसी सांगितलेल्या तारखेलाच द्या, फक्त लस देणाऱ्या सिस्टरांना झटक्यांबद्दल सांगा.

झटका आलाच तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडातलं दूध बाहेर ओघळू द्या, गळ्याजवळचं सैल करा आणि घड्याळ पाहा. कांदा, चप्पल, पाणी, दातांत बोट, यातलं काहीही नको. हातपाय दाबूनही धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा एकामागून एक येत राहिले आणि मधे बाळ शुद्धीवर आलं नाही, तर १०८ ला फोन करा. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे तुमच्या डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घेऊन घरी ठेवा, आणि तो कसा द्यायचा हे घरातल्या दोघांना शिकवा. तुम्ही वावरात असाल तेव्हा बाळ सासूबाईंजवळच असतं ना, मग शिकणाऱ्यांत एक त्या असू द्या. आशाताईंनाही सांगून ठेवा.

आता एक विचारतो, आणि ते तुमच्या नवऱ्याबद्दल आहे. ज्यांच्यात पीआरआरटी-२ चा बदल असतो त्यांच्यातल्या काहींना मोठेपणी, बहुधा शाळेच्या वयात, वेगळाच त्रास सुरू होतो. बसलेलं माणूस एकदम उठलं किंवा अचानक धावायला लागलं की हात, पाय किंवा तोंड काही सेकंद वाकडं पिळवटतं. शुद्ध पूर्ण असते, मिनिटभराच्या आत सगळं ठीक होतं. अशाच एका बाळाचे वडील तपासणीच्या वेळी बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना आत बोलावून विचारलं, तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "साहेब, बस आली की मी एकदम उठत नाही. सगळे चढले की सावकाश उठतो." शाळेत कबड्डीच्या मैदानावर हात पिळवटला, पोरं हसली, तेव्हापासून पंधरा वर्षं त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. बाळाला जे औषध तेच वडिलांना अगदी लहान मात्रेत दिलं आणि दोन आठवड्यांनी ते दवाखान्याच्या पायऱ्या धावत चढून आले.

तुमच्या नवऱ्याला असं काही नसेलही. पण पुढच्या तपासणीला येताना बाटली आणि व्हिडिओ घेऊन या, सासूबाईंना सोबत आणा, आणि बाळाच्या बाबांना बाहेर बाकावर बसवू नका. त्यांनाही आत घेऊन या.